नारिंगी एप्रन

प्रिय दादा,

पत्र लिहिण्याचं कारण शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचायचा नाहीस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचून पुस्तक माझ्या अंगावर फेकायचास, ते मी विसरलेले नाही. फोन तू उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. वहिनी म्हणाली, "लिहा तुम्ही, मी ताटाशेजारी ठेवते. वाचेपर्यंत ताट उचलायचीच नाही." तेव्हा जेवण गार होत असेल तर दोष तिला दे. ती बिचारी फार काळजीत आहे. तू कामावरून येतोस आणि बूट न काढता खुर्चीत बसून राहतोस, पोरांनी घर डोक्यावर घेतलं तरी ओरडत नाहीस, असं ती सांगत होती. तू ओरडत नाहीस याचीच तिला जास्त धास्ती वाटते. मला आडून आडून बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मास्तर गेला त्याला वर्ष उलटून गेलं. तेव्हापासून तू या घराची पायरी चढला नाहीस, आपल्या ग्लायडर क्लबच्या मैदानाकडे फिरकला नाहीस, माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. नवरा गेला तो गेला. पण भाऊ असून नसल्यासारखा, हे मला परवडायचं नाही.

आता मैदानाच्या बातम्या. हँगरचं डावीकडचं दार अजून अडकतं. तू नेमक्या जागी लाथ घालायचास आणि ते निमूट सरकायचं. ती जागा आता कोणालाच सापडत नाही. चौघं मिळून दार उचलतात आणि एकमेकांना शिव्या घालतात. गवत यंदा गुडघ्यापर्यंत वाढलं, कारण कापायचं यंत्र बंद पडलं, आणि ते दुरुस्त करणारा आमचा सभासद तुमच्या घरात बूट घालून बसला आहे. विंचकाका ठणठणीत आहेत. वहिनी हे पत्र चोरून वाचणारच, म्हणून तिच्यासाठी सांगते: विंचकाकांनी जन्मभर बस चालवली आणि आता ते आमचं विंच चालवतात. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला एक इंजिन, त्याला गुंडाळलेली लांबलचक केबल, आणि केबलच्या अलीकडच्या टोकाला ग्लायडर. काका केबल गुंडाळायला लागले की बिनइंजिनाचं ग्लायडर पतंगासारखं वर चढतं, वर गेल्यावर केबल सोडतं आणि मग आपल्या नशिबाने तरंगतं. केबल ओढताना काका अजून "चला, पुढे सरका" म्हणतात. मास्तर गेला त्या दिवशी केबल ओढणारे तेच होते. त्यानंतर पुष्कळ दिवस ते आले नाहीत. मग एका सकाळी आले, इंजिनाचं तेल बदललं आणि मला म्हणाले, "पोरी, गाडी उभी ठेवली की जास्त बिघडते." तेवढंच बोलले आणि हात धुवायला गेले.

वार्षिक सभा झाली. मास्तरच्या जागी आता दातांचे डॉक्टर अध्यक्ष आहेत आणि शिकवायचं कामही तेच बघतात. सभेतही ते खुर्चीत आडवा केलेला पेशंट समोर असल्यासारखे बोलतात. गवत कापायच्या पाळ्या वाटल्या तेव्हा म्हणाले, "थोडंसं दुखेल, पण लगेच बरं वाटेल." किटली नवी घ्यावी की जुनीचं झाकण दोऱ्याने बांधून वापरावी यावर इतकं रण माजलं की दोघं जण राजीनामा देऊन बाहेर गेले आणि चहा झाल्यावर परत आले. मग कोणीतरी हळूच विषय काढला, ते ग्लायडर दुरुस्त होऊन येतंय, त्याचं काय करायचं? अर्धं ग्लायडर तुझं, अर्धं मास्तरचं, म्हणजे आता माझं. एकाचं म्हणणं विकून टाकावं. दुसऱ्याचं म्हणणं, विकायला तरी तोंड कसं होईल, तोडून भंगारात द्यावं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मालक सांगतील तसं. मी म्हटलं, दादाला विचारून सांगते. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, पण एकाचाही विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं.

त्या सभेत एक ठराव मात्र किटलीपेक्षा कमी वेळात पास झाला, तो नारिंगी एप्रनचा. एप्रन मीच शिवले, दुकानातल्या पडद्याच्या उरलेल्या कापडाचे. वहिनी, आमची ग्लायडरं घरी जाताना पंख आणि शेपटी काढून लांबड्या ट्रेलरमध्ये झोपतात. उडायच्या दिवशी सगळं पुन्हा जोडायचं. जोडताना ज्याच्या हातात काम आहे त्याने नारिंगी एप्रन घालायचा, आणि एप्रन घातलेल्या माणसाशी कोणीही बोलायचं नाही. हाक मारायची नाही, चहा विचारायचा नाही, मदतीला बोलवायचं नाही. मैदानाला आग लागली तर आधी आग विझवायची, मग त्याला सांगायचं. त्याने स्वतः फक्त एकच शब्द बोलायचा, तो पुढे सांगते. नियम छान पाळला जातो. इतका छान की घरून फोन आला की डॉक्टर धावत जाऊन एप्रन चढवतात, आणि फोन उचलणाऱ्याने बाईसाहेबांना सांगायचं की ते आत्ता बोलू शकत नाहीत. विंचकाका तर म्हणाले, हा एप्रन मला लग्नाच्या वेळी मिळायला हवा होता. सगळे हसले. मीही हसले, म्हणजे ओठ हलवले.

हसायचं असतं तिथे हसते, जेवायचं असतं तेव्हा जेवते, दुकान वेळेवर उघडते. पडद्यांची मापं घेताना एक चूक नाही. बाकी सगळं बधिर. दाताला इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला आहे की शेजाऱ्याचा हे कळत नाही, आपण चहा पितो आणि तो हनुवटीवरून ओघळतो, तसं माझं झालं आहे. डॉक्टरांना एकदा विचारलंसुद्धा, हे उतरायला किती वेळ लागतो हो? त्यांना वाटलं मी दाताबद्दल विचारते. तू मला ठकी का म्हणायला लागलास, आठवतं? बाबा रागावले की तू भोकाड पसरायचास आणि मी लाकडी बाहुलीसारखी उभी राहायचे, डोळ्याची पापणी न हलवता. मग तू आधी स्वतःचं रडणं आवरायचास आणि मला गदागदा हलवून म्हणायचास, "ए ठके, रड की जरा!" आता हलवायला कोणी नाही, तर उभी आहे आपली. आई समोर बसून माझ्याकडे बघत राहते. तिला वाटतं तुझं नि माझं भांडण झालंय. परवा म्हणाली, "एका आईची लेकरं तुम्ही, मिटवून टाका काय ते." भांडण झालं असतं तर मिटवलं असतं गं, असं म्हणणार होते. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून भाजी चिरायला घेतली.

तुला आता एक गोष्ट सांगायची आहे ती आईला सांगू नकोस. मी उडायला शिकले. हो, मीच. जी बाई इतकी वर्षं पंखाचं टोक धरून धावली, कापड फाटलं तर शिवलं, आणि वर चल म्हटलं की "माझे पाय जमिनीवर बरे" म्हणायची, ती. मास्तरने माझ्यामागे किती भुणभुण लावली होती, तू ऐकलं आहेस. त्याच्यासाठी शिकले असं लोक म्हणतात, डोळेबिळे पुसतात. तसं काही नाही. रविवारी घरात बसवेना, मैदानावर जाऊन नुसतं उभं राहवेना, आणि डॉक्टरांच्या पुढची सीट रिकामी होती. एवढंच कारण. वर गेल्यावर हातापायांना काम असतं. डोळे क्षितिजावर, कान वाऱ्याच्या आवाजावर, दांडी दोन बोटांत. तेवढा वेळ माणसाला आपण बधिर आहोत हे आठवत नाही. आपल्या घराचं छप्पर वरून दिसलं. शाळेचं मैदान दिसलं, मास्तर ज्या खिडकीपाशी उभा राहून पोरांना ढग दाखवायचा ती इमारत दिसली. वाटलं होतं, आता रडू येईल. नाही आलं. छपरावर एक कौल निखळलेलं दिसलं, ते दुसऱ्या दिवशी बसवून घेतलं.

मी बरी शिकले असं डॉक्टर म्हणतात. वळणं साफ, उतरणं हलकं, एकदा सांगितलं की पुरे. तरी ते मला एकटीला सोडेनात. माझ्या मागून आलेली दोन पोरं एकटी उडाली, आणि मी आपली डॉक्टरांना मागे बसवून फिरतेय. शेवटी विचारलं, माझं चुकतंय कुठे? त्यांनी हातातलं केबलचं टोक खाली ठेवलं. मग म्हणाले, "चुकत काही नाही. पण तुला भीती वाटत नाही. मी मुद्दाम केबल तुटल्याचं नाटक केलं, वाऱ्यात सोडलं, तुझा श्वाससुद्धा बदलला नाही. ज्याला भीती वाटत नाही त्याला मी वर एकटं पाठवत नाही. खरं सांग, तुला परत खाली यायचंय ना?" यायचं नाही असं नव्हतं. पण यायचंय म्हणायला जी ओढ लागते ती आत चाचपून बघितली, तर सापडेना. मी म्हटलं, "यायचंय, खाली दुकान आहे." ते म्हणाले, "मग थांबू आपण." आणि आम्ही थांबलो. दर रविवारी ते मागे, मी पुढे.

मग ग्लायडर आलं. पुढची नळ्यांची चौकट कारखान्याने नवी घातली, पण त्यावर कापड चढवायला त्यांच्याकडे माणूस नव्हता. मला विचारायला सगळ्यांना संकोच वाटत होता, म्हणून मीच म्हटलं, आणा इकडे. हँगरच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसले आणि शिवलं. तीच गाठ, तेच टाके, मास्तर बसायचा त्या जागेभोवती. लोक लांबून बघत होते, ही बाई आता कोसळेल म्हणून. कोसळले नाही. सुई एकदा बोटात गेली तेव्हा "आई गं" म्हटलं. शिवण झाली, रंग झाला, इन्स्पेक्टर येऊन पास करून गेले. मग डॉक्टर म्हणाले, एकदा पूर्ण जोडून बघू. दोघांनी एप्रन घातले. पंख लावले, शेपटी लावली. मी आत जाऊन बसले, ते शेपटीकडे गेले.

वहिनी, आता तो एक शब्द. शेपटीच्या मागच्या बाजूला वरखाली हलणारी एक फळी असते. ती हलते म्हणून ग्लायडरचं नाक वरखाली होतं. ती फळी आतल्या दांडीला जोडायची आणि जोडावर करंगळीएवढी एक पिन घालायची, म्हणजे जोड निसटत नाही. मग आतला माणूस विचारतो, "धरलंय?" शेपटीपाशी असलेला माणूस पिन डोळ्यांनी बघतो, ती फळी दोन्ही हातांनी घट्ट पकडतो आणि म्हणतो, "धरलंय." मग आतल्याने दांडी ढकलून बघायची. ढकलली जात नसेल तर समजायचं, पलीकडे माणूस आहे आणि सगळं जोडलेलं आहे. पण पिन आत आहे की नाही ते आतल्याला कधीच दिसत नाही. ते फक्त त्या शेपटीपाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसतं. त्याच्या शब्दावर आतला वर जातो.

तर मी आत बसले होते. विचारलं, "धरलंय?" मागून डॉक्टरांचा आवाज आला, "धरलंय!" अगदी मोकळा, हसरा आवाज, थोडंसं दुखेल म्हणतात तसा. आणि दादा, माझा हात दांडीवरून पुढे जाईना. छाती इतक्या जोरात उडायला लागली की पट्ट्याखाली मला ती दिसत होती. ग्लायडर हँगरच्या दारात उभं होतं, चाक जमिनीवर, उडायचा प्रश्नच नव्हता, आणि मी मरणाची घाबरले होते. मला वाटत राहिलं, यांनी खरंच पिन बघितली का? की मनात उद्याचे पेशंट घोळत होते? मी पट्टे सोडून बाहेर आले, शेपटीपाशी गेले, पिन बोटाने चाचपली. होती. परत आत बसले, परत तेच. डॉक्टर काही बोलले नाहीत, अंगात एप्रन होता ना. एप्रन काढल्यावर मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, मला भीती वाटली." माझे दात वाजत होते. ते तिथेच गवतात बसले आणि म्हणाले, "बरं झालं बाई. फार बरं झालं." पुढच्या रविवारी त्यांनी मला दोन सीटच्या ग्लायडरमधून एकटीला सोडलं. खाली उतरायची इतकी घाई मला आयुष्यात कशाची झाली नव्हती. विंचकाकांनी पाठीवर थाप मारली, ती दुखली, आणि दुखली म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले.

भीती आली आणि तिच्या मागून थोडा रागही आला. फार नाही, पण आला. दोन दिवस मी तुझ्यावर मनसोक्त चिडले, शिवणयंत्राचं पॅडल तुझ्या पायावर असल्यासारखं दाबत होते. मास्तरवरही चिडले, जगाला ओरडून शिकवणारा माणूस, आणि स्वतः विचारलं नाही. मग चिडता चिडता लक्षात आलं की एक गोष्ट तुला आजवर कोणी सांगितलेली नाही, ती मीच सांगायला हवी. वहिनी तुला सांगते, तुमची चूक नव्हती. डॉक्टर म्हणतात, मीच त्याला हाक मारली होती, मागून दुसरं ग्लायडर उतरत होतं, आमचं दोन सीटचं बाजूला ढकलायला माणूस हवा होता. विंचकाका म्हणतात, वेळच तशी होती. दादा, मी पंखाचं टोक धरून उभी होते. तू फळी जोडलीस, पिन हातात होती, डॉक्टरांनी हाक मारली, तू पिन खिशात टाकलीस आणि धावलास. परत आलास तेव्हा तरंगायला हवे तसे ढग जमत होते, मास्तर घाई करत होता. त्याने आतून "झालं?" विचारलं. तू "झालं" म्हणालास. "धरलंय" ना कोणी विचारलं, ना कोणी म्हटलं. मी टोक धरून धावले आणि सोडलं, आणि वर जोड निसटला. त्या संध्याकाळी चौकशीवाल्यांसमोर खिशातून ती पिन काढून टेबलावर तूच ठेवलीस. कोणी मागितली नव्हती. त्या वेळी तुझा चेहरा मी बघितला आणि मान वळवली, आणि तू ती वळवलेली मान मनात घेऊन निघून गेलास. तर आता सरळ सांगते. चूक तुझी होती. अर्धी मास्तरची असेल, पण पिन तुझ्या खिशात होती. सगळे नाही नाही म्हणतात आणि तुला आतून ठाऊक असतं की हो, त्यामुळे तू त्या खुर्चीत एकटा पडला असशील. तर ठाऊक असलेले आपण दोघं आहोत. तू एकटा नाहीस.

आणि आता कारण. पुढच्या रविवारी सकाळी, वारा बरा असला तर, मी आपलं ग्लायडर घेऊन एकटीने वर जाणार आहे. विकायचं का ते नंतर ठरवू, आधी ते एकदा उडून उतरायला हवं. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, शेपटी धरायलाही ते तयार आहेत. पण ते "धरलंय" म्हणाले की माझा हात पुढे जात नाही. कोणीही म्हटलं तरी जाणार नाही. मी विचार केला, साऱ्या क्लबात ती पिन या जन्मात पुन्हा कधीही विसरणार नाही असा माणूस एकच आहे. तो आला नाही तर जोडलेलं ग्लायडर तसंच सुटं होऊन ट्रेलरमध्ये परत जाईल, आणि मी दुकानात. तुझ्या मापाचा एप्रन शिवून ठेवला आहे. वहिनी म्हणाली, वाळलेत, चार बोटं आत घ्या. मी घेतला नाही. माझ्यासमोर येऊन काय बोलायचं या विचारानेच तू येत नाहीस, ते मला कळतं रे. बोलावं लागणार नाही. फाटकापाशी विंचकाका एप्रन घेऊन उभे राहतील, तिथेच घाल. एप्रन घातलेल्या माणसाशी कोणी बोलायचं नाही, सभेत ठराव झालाय, मीसुद्धा बोलणार नाही. नवी पिन तुझ्या हातात देईन. तू घाल. मी आत बसेन, पट्टे बांधेन, मागे वळून बघणार नाही, चाचपायला उतरणार नाही. एकदाच विचारीन. तेव्हा तेवढा एक शब्द बोल.

तुझीच,
ठकी